लॅपटॉपच्या हॉटकी (एफएनसोबतच्या खास कळा) आणि बॅकलाइट (स्क्रीनचा उजेड) यांसाठी लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, ड्रायव्हर लिहिलाय, कर्नलवाल्यांना पाठवायच्या आधी कोणी डोळ्याखालून घालेल का?

फणसपोळी (शनिवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी एक स्वस्तातला लॅपटॉप घेतला. कंपनीचं नाव सांगत नाही, तसंही आतला माल दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला असतो आणि वर फक्त स्टिकर वेगळं. लिनक्स टाकलं, वायफाय आवाज वगैरे सगळं पहिल्या फटक्यात चाललं, पण एफएन धरून उजेड कमीजास्त करायच्या कळा मेल्यासारख्या. टचपॅड बंद करायची कळ नाही, माइक म्यूटची नाही, आणि एक पंख्याचं चित्र असलेली कळ आहे तिचं काय करायचं देवच जाणे.

मग एसीपीआय टेबलं (बायॉस, म्हणजे मशीनमध्येच भरलेलं फर्मवेअर, हार्डवेअरची माहिती कर्नलला देतं ती) उपसली, त्यातला मुख्य डीएसडीटी उलटा करून वाचला (तीन रविवार गेले, बायको अजून बोलते), त्यात डब्ल्यूएमआयचं (बनवणाऱ्यांच्या खास सोयींसाठीची मायक्रोसॉफ्टची पद्धत) एक डिव्हाइस सापडलं जे कळ दाबली की इव्हेंट, म्हणजे निरोप, टाकतं, आणि शेजारीच उजेड कमीजास्त करायची एक मेथड (बायॉसमधलं छोटं फंक्शन) पण सापडली. मग म्हटलं लिहूनच टाकू ड्रायव्हर. साधारण ६०० ओळी झाल्यात. कळ दाबली की मी ती मेथड कॉल करून उजेड बदलतो, वर डेस्कटॉपला कळावं म्हणून कीबोर्डचा इव्हेंटही पाठवतो, आणि दहा पायऱ्यांचं बॅकलाइट डिव्हाइसही रजिस्टर केलंय.

चालतंय. म्हणजे जवळपास. एक म्हणजे कळ एकदा दाबली की उजेड दोन पायऱ्या उडी मारतो. दुसरं, सगळ्यात वरची पायरी कधी लागतच नाही, एरर येतो. आणि मॉड्यूल (म्हणजे चालू ड्रायव्हर) काढताना एकदा मशीन सपशेल आडवं झालं, पण ते पुन्हा काही झालं नाही, त्यामुळे सोडून दिलं. कोड गिटवर टाकलाय, लिंक प्रोफाइलमध्ये आहे. फोनवरून लिहितोय म्हणून इथे चिकटवत नाही.

निवांत_नाशिककर (शनिवार, रात्री ११:३१)

विंडोजवर सगळं चालत होतं ना? मग कशाला हा उपद्व्याप :)

फणसपोळी (शनिवार, रात्री ११:३४)

चालत होतं, कंपनीची दीडशे एमबीची एक एक्सई टाकल्यावर. ती नसली तर तिथेही कळा मुक्याच.

साबुदाणा (रविवार, सकाळी ८:०५)

अरे हाच लॅपटॉप माझ्याकडे आहे!! स्टिकर वेगळं पण कीबोर्डवरचं ते पंख्याचं चित्र सेम टू सेम. रात्रीच तुझा ड्रायव्हर बिल्ड करून बघितला. कळा चालतात, धन्यवाद रे. पण माझ्याकडे उजेडाचा आकडा कायम ५ दाखवतो. शून्य केला तरी ५, फुल केला तरी ५. स्क्रीन ढिम्म हलत नाही (तुझ्या मेथडने. तुझा ड्रायव्हर नसताना डेस्कटॉपच्या स्लायडरने हलते).

कर्नलकाका (रविवार, सकाळी १०:४७)

वाचला. आधी एक सांगतो, पहिल्या ड्रायव्हरच्या मानाने काम छान आहे, इंडेंटेशन सुद्धा टॅबचं आहे, निम्मे लोक तिथेच आपटतात. आता सोलायला घेतो, राग मानू नकोस.

साबुदाणाताईंचा ५ मला फार आवडला, त्याच्यापासून सुरू करतो. तुझ्या उजेड वाचायच्या फंक्शनमध्ये मेथड फसली की तू एसीपीआयचा स्टेटस जसाच्या तसा परत करतोस. एसीपीआयचे एरर हे कर्नलचे एरर नव्हेत. कर्नलमध्ये एरर म्हणजे उणे आकडा, एसीपीआयमध्ये 'सापडलं नाही' या एररचा आकडा आहे अधिक ५. वरच्या बॅकलाइटच्या कोडला तो एरर वाटतच नाही, त्याला वाटतं उजेड पाचव्या पायरीवर आहे. म्हणजे ताईंच्या मशीनवर ती मेथड त्या जागी नाहीच आहे, बायॉस वेगळ्या आवृत्तीचा असणार. स्टेटस तपास, फसला तर उणे ईआयओ (कर्नलचा 'वाचता-लिहिता आलं नाही' हा एरर) दे. बाकी दहा ठिकाणीही तू हेच केलंयस, सगळीकडे बदल.

वरची पायरी लागत नाही कारण तुझ्याकडे दहा पायऱ्या आहेत, ० ते ९, आणि कमाल उजेड म्हणून तू १० लिहिलंयस. ते खातं 'किती पायऱ्या' विचारत नाही, 'शेवटच्या पायरीचा नंबर काय' विचारतं. एक कमी कर.

मेथड कॉल करताना उत्तराची जागा एसीपीआयलाच घ्यायला सांगतोस, आणि मग ती मोकळी करत नाहीस. दर कळीमागे थोडी थोडी मेमरी गळतेय. शिवाय आलेलं उत्तर आकडा आहे की बफर (नुसत्या बाइट्सचा गठ्ठा) हे न बघता सरळ आकडा म्हणून वाचतोस. बायॉसवाल्यांवर इतका विश्वास मी माझ्या सख्ख्या भावावर ठेवत नाही.

आता मशीन आडवं झालं ते. 'पुन्हा झालं नाही म्हणून सोडून दिलं' हे वाक्य रिव्ह्यूत कधी लिहू नये :) काढताना तू आधी इनपुट डिव्हाइस (ज्यातून कळांचे इव्हेंट वर जातात ते) काढतोस आणि मग डब्ल्यूएमआयचा हँडलर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन). त्या दोन ओळींच्या मध्ये कोणी कळ दाबली तर हँडलर जिवंत, आणि ज्याला इव्हेंट द्यायचा ते डिव्हाइस मेलेलं. सुरुवातीलाही तेच उलट: हँडलर आधी लावलायस, इनपुट डिव्हाइस नंतर बनतं. घर बांधायच्या आधी बेल बसवली आणि पाहुणे आले. क्रम असा पाहिजे की उभारताना हँडलर सगळ्यात शेवटी, मोडताना सगळ्यात आधी. डेव्हएमवाली फंक्शनं (ड्रायव्हर निघाला की घेतलेलं स्वतःच सोडणारी) वापरलीस तर ती आपोआप उलट्या क्रमाने मोडतात, पण अर्धी डेव्हएम आणि अर्धी हाताने असं मिसळलंस तर परत तोच घोळ, कारण हाताने लिहिलेलं आधी चालतं आणि डेव्हएमचं त्यानंतर.

दोन पायऱ्यांच्या उडीचं संध्याकाळी लिहितो, ते मोठं आहे आणि खरा प्रश्न तोच आहे. बाजारात जाऊन येतो.

फणसपोळी (रविवार, सकाळी ११:०२)

काका दंडवत. पाचचा आकडा वाचून दहा मिनिटं हसत होतो.

मुळशीचा_मावळा (रविवार, दुपारी १:२०)

अडाण्याचा प्रश्न: मी कळ दाबली आणि स्क्रीन उजळली, याच्या मध्ये एवढं काय काय असतं? मला वाटायचं कळ म्हणजे कळ, ए दाबलं की ए.

प्राजक्ता_म्युनिक (रविवार, दुपारी २:५५)

मी देते उत्तर, काका भाजी आणेपर्यंत.

ए दाबलं की ए, ते बरोबर आहे. कीबोर्डचा कंट्रोलर स्कॅनकोड (कळीचा कच्चा नंबर) देतो, कर्नल त्याचा कीकोड (कळीचा ठरलेला नंबर) करतं. काही लॅपटॉपच्या एफएनच्या कळाही याच वाटेने येतात. तशा असतील तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'अनोळखी कळ दाबली' असा ओरडा दिसतो आणि मग ड्रायव्हर लिहायची गरजच नसते, यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबी फाइलमध्ये (कोणता स्कॅनकोड म्हणजे कोणती कळ ही यादी) दोन ओळी टाकल्या की संपलं. ड्रायव्हर लिहायच्या आधी हे बघणं हे पहिलं काम.

बाकीच्या कळा आडवाटेने येतात. लॅपटॉपमध्ये एक छोटा कंट्रोलर असतो, एम्बेडेड कंट्रोलर, तो बॅटरी, पंखा, झाकण आणि या कळा सांभाळतो. कळ दाबली की तो प्रोसेसरला इंटरप्ट देतो, कर्नल त्याला विचारतं काय झालं, तो एक नंबर देतो, त्या नंबराची एक मेथड बायॉसच्या टेबलात असते ती कर्नल चालवतं, आणि ती मेथड कोणाला तरी नोटिफाय करते. उजेडाच्या कळा असतील तर नियमाप्रमाणे व्हिडिओ डिव्हाइसला करायला हवं, वाढवायला हेक्स ८६ आणि कमी करायला हेक्स ८७. तसं केलं तर कर्नलचा व्हिडिओ ड्रायव्हर बाकी सगळं बघतो. पण पुष्कळ बनवणारे स्वतःच्याच डब्ल्यूएमआय डिव्हाइसला सांगतात, ज्याची भाषा फक्त त्यांच्या विंडोजवाल्या एक्सईला येते. फणसपोळीचा लॅपटॉप हा यातला.

ड्रायव्हरने इव्हेंट ओळखून 'उजेड वाढव'चा कीकोड दिला की डेस्कटॉप तो ऐकतो, स्लायडर दाखवतो, आणि लॉगिनडी या सेवेमार्फत किंवा थेट सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंगांच्या फाइली) नवा आकडा लिहितो, तो ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे जातो आणि तिथे शेवटी पॅनेलच्या दिव्याची पीडब्ल्यूएम (दिवा झपाट्याने चालू-बंद करायचं प्रमाण) बदलते. म्हणजे तुमच्या बोटापासून दिव्यापर्यंत पाचसहा जणांच्या हातून निरोप जातो. मला तर दर वेळी स्क्रीन उजळली की आश्चर्यच वाटतं.

मुळशीचा_मावळा (रविवार, दुपारी ३:१०)

बाबो. सरकारी फाइल बरी. धन्यवाद ताई.

कर्नलकाका (रविवार, संध्याकाळी ७:१५)

प्राजक्ताने माझं अर्धं काम केलं. तर उडी.

फणसपोळी, तुझ्या ड्रायव्हरमध्ये एका कळीला उजेड दोघं बदलतात. तू मेथड कॉल करून एक पायरी चढवतोस, आणि तुझा कीकोड ऐकून डेस्कटॉप दुसरी चढवतो. तू कीकोड 'डेस्कटॉपला कळावं म्हणून' पाठवतोस असं लिहिलंयस, पण कीकोड म्हणजे बातमी नव्हे, कीकोड म्हणजे विनंती. 'माणसाने कळ दाबलीये, आता बदल' असा त्याचा अर्थ. बातमी द्यायची असेल तर त्याला वेगळं फंक्शन आहे, बॅकलाइट फोर्स अपडेट, त्याला कारण म्हणून 'हॉटकी' द्यायचं, ते सिसएफएसवर कळवतं की आकडा बदललाय, स्लायडर नुसता सरकवून घे.

तर या जातीच्या कुठल्याही ड्रायव्हरचा रिव्ह्यू करताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: उजेड बदलतंय कोण? फर्मवेअर स्वतः बदलत असेल तर फक्त बातमी द्या, कीकोड नको. फर्मवेअर नुसतं सांगत असेल तर फक्त कीकोड द्या, स्वतः हात लावू नका. दोन्ही केलंत की उडी ठरलेली.

हा घोळ काही आजचा नाही. आसुसचा इ-पीसी आठवतोय का कोणाला, २००७ चा तो पिटुकला? त्याच्यात फर्मवेअरच उजेड बदलायचं आणि इव्हेंटच्या नंबरातच नवी पायरी यायची, हेक्स २० ते २फ, म्हणजे सोळा पायऱ्या. वाढला की कमी झाला हे इव्हेंटवरून कळायचंच नाही, म्हणून ड्रायव्हर जुना आकडा लक्षात ठेवून नव्याशी ताडून बघतो आणि मग त्यावरून वाढ-कमीची कळ बनवतो. आणि कोडमधली कॉमेंटच त्याला कालबाह्य होत चाललेला जुगाड म्हणते. वाचून बघ, छोटा ड्रायव्हर आहे, शिकायला झकास. थिंकपॅडचा मात्र आत्ता उघडू नकोस, दहा हजारांच्या वर ओळी आहेत, हरवशील.

तुझ्या मशीनवर कोण बदलतंय ते शोधायला हे कर. ड्रायव्हर काढून टाक, डेस्कटॉपशिवाय नुसत्या काळ्या कन्सोलवर बूट कर, म्हणजे ऐकणारं कोणीच नाही. आता कळा दाब. स्क्रीन हलली तर फर्मवेअर, नाही हलली तर नाही. साबुदाणाताई तुम्हीपण कराल का, बायॉस वेगळा आहे म्हणून.

साबुदाणा (रविवार, रात्री ८:४०)

केलं. काहीच हललं नाही.

फणसपोळी (रविवार, रात्री ९:२२)

माझ्याकडेही नाही. म्हणजे फर्मवेअर नुसतं ओरडतं.

म्हणजे मी मेथड कॉल करायची नाही, फक्त कीकोड द्यायचा, बरोबर? ठीक. पण मग माझं बॅकलाइट डिव्हाइस राहतं ना? त्याला दहा सुबक पायऱ्या आहेत. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं बॅकलाइट डिव्हाइस बघितलं तर कमाल १९२००, हा काय आकडा झाला?

कर्नलकाका (रविवार, रात्री १०:०५)

नाही राहत. तेच सांगायला भीत होतो.

पॅनेल एक, दिवा एक. इंटेलचं डिव्हाइस चालतंय, साबुदाणाताईंनी तर पहिल्याच दिवशी लिहिलंय की डेस्कटॉपच्या स्लायडरने हलते. वर तू दुसरं देतोयस. मग डेस्कटॉपने कोणतं धरायचं? रीत अशी की फर्मवेअर प्रकारचं असेल तर ते, नाहीतर प्लॅटफॉर्म प्रकारचं (लॅपटॉपच्या खास ड्रायव्हरचं), आणि ग्राफिक्सचं कच्चं, म्हणजे इंटेलवालं, सगळ्यात शेवटी. तुझं प्लॅटफॉर्म प्रकारचं आहे. म्हणजे तुझा ड्रायव्हर आला की ताईंचा डेस्कटॉप चालतं ते सोडून तुझं धरणार, ज्याचा आकडा कायम ५ आहे. चालत्या गाडीला खीळ.

विंडोज ८ आल्यापासून बायॉसवाले उजेडाच्या मेथड नीट तपासतच नाहीत, कारण विंडोज तेव्हापासून ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडूनच काम करून घेतं. म्हणून कर्नलही नव्या मशीनवर तेच पसंत करतं. कोणाची पाळी हे ठरवणारं एक फंक्शन आहे, कर्नल ४.२ पासून, २०१५ ची गोष्ट. त्याने 'व्हेंडर' (लॅपटॉपचा खास ड्रायव्हर) असं उत्तर दिलं तरच तुझ्यासारख्या ड्रायव्हरने बॅकलाइट रजिस्टर करायचं. आणि ६.१ मध्ये कर्नलवाले हान्स डी खुडे यांनी सगळी आवराआवर केली ती याचसाठी, की एका पॅनेलला एकच डिव्हाइस दिसावं. तू ते फंक्शन विचारतच नाहीस.

फणसपोळी (रविवार, रात्री १०:१९)

काका ६०० पैकी ३०० ओळी त्याच्याच आहेत. तीन रविवारांपैकी दोन.

प्राजक्ता_म्युनिक (रविवार, रात्री १०:५०)

फणसपोळी, कळतं रे. माझ्या पहिल्या पॅचमधला अर्धा भाग असाच उडाला होता, दोन दिवस मी कोणाशी बोलले नव्हते. पण काका बरोबर आहेत. १९२०० हा आकडा कुरूप दिसतो पण तो पीडब्ल्यूएमचा आहे, त्याच्याशी माणसाचा संबंध नाही, डेस्कटॉप त्याच्या पायऱ्या करून घेतो. सिस्टमडी (लिनक्स सुरू होताना बाकी सेवा चालू करणारा प्रोग्राम) बूटच्या वेळी जुना उजेड परत लावतं तेव्हा कमालच्या ५ टक्क्यांच्या खाली जात नाही, म्हणजे इथे ९६०, स्क्रीन काळी पडू नये म्हणून. तुझ्या दहा पायऱ्यांत शून्य म्हणजे अंधार की मंद?

फणसपोळी (रविवार, रात्री ११:०१)

अंधार. पूर्ण. एकदा तसाच अडकलो होतो, टॉर्च मारून पासवर्ड टाकला.

निवांत_नाशिककर (रविवार, रात्री ११:०३)

मी म्हटलं होतं विंडोज ठेव.

फणसपोळी (बुधवार, रात्री ९:३०)

दोन दिवस रुसून बसलो होतो, आता आलो. बॅकलाइटचा भाग काढला. सगळा. ड्रायव्हर २३० ओळींवर आला, उडी गेली, शंभरेक वेळा मॉड्यूल टाकून काढून बघितलं, कळा दाबत दाबत, एकदाही आडवं झालं नाही. साबुदाणाचा ५ पण गेला कारण वाचायलाच काही उरलं नाही :(

डब्ल्यूएमआयचा हँडलर पण जुन्या पद्धतीचा होता, तो काढून नीट डब्ल्यूएमआय बसचा ड्रायव्हर केला. आणि मोठ्ठा स्विच-केस होता त्याच्याऐवजी स्पार्स कीमॅप टेबल. हे फारच सोयीचं निघालं, इव्हेंट कोड डावीकडे, कीकोड उजवीकडे, दाबणं-सोडणं तोच करतो. आधी मी सोडल्याचा इव्हेंट एका कळीला विसरलो होतो आणि टचपॅड चालू-बंद चालू-बंद नाचत होता.

एक प्रश्न उरलाय. माइक म्यूटची कळ वेलँडवर चालते, एक्सवर चालत नाही (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या आणि जुन्या व्यवस्था). ईव्हीटेस्टमध्ये (कळांचे इव्हेंट दाखवणारं साधन) दोन्हीकडे दिसते.

कर्नलकाका (बुधवार, रात्री १०:१०)

शाब्बास. २३० ओळी कोणीतरी वाचेल तरी.

माइक म्यूटचा कीकोड २४८. एक्समध्ये प्रत्येक कीकोडात ८ मिळवतात, झाले २५६, आणि एक्सची मर्यादा २५५. एका आकड्याने हुकलं! एक्सचा प्रोटोकॉल १९८७ चा आहे, तेव्हा कोणाच्या कीबोर्डला माइक म्यूट होतं. टचपॅडची कळ तर ५३० आहे, ती मैलभर लांब. यावर उपाय एचडब्ल्यूडीबीमध्ये करतात, तिथे माइक म्यूटला एफ२० आणि टचपॅडला एफ२१ करून देतात. तू मात्र ड्रायव्हरमध्ये एफ२० घालू नकोस. कळ जी आहे तीच सांग.

पंख्याच्या कळीचं काय केलंस?

फणसपोळी (बुधवार, रात्री १०:१८)

तिला प्रोग१ (हवं ते लावता येईल असा मोकळा कीकोड) दिलंय. ज्याला जे करायचं ते करा.

कर्नलकाका (बुधवार, रात्री १०:२६)

चालेल. आता एकच मोठी गोष्ट. ड्रायव्हर ज्या गुइडवर (डब्ल्यूएमआय डिव्हाइसचा ओळख-नंबर) लागतो तो मी शोधून बघितला. तो मायक्रोसॉफ्टच्या नमुना ड्रायव्हरमधून जसाच्या तसा उचललेला आहे, दुसऱ्या बनवणाऱ्यांनीही उचललाय. म्हणजे गुइड जुळला म्हणून तुझा ड्रायव्हर भलत्याच लॅपटॉपवर जाऊन बसेल आणि तिथल्या इव्हेंटचा वाटेल तो अर्थ लावेल. डीएमआयची (बायॉसमध्ये भरलेली मशीनची नावं) यादी लाव, ओळखीच्या मशीनवरच चालू दे. दोघांनी आपापल्या मशीनचं उत्पादनाचं नाव आणि बोर्डाचं नाव इथे टाका. सिरियल नंबर टाकू नका चुकून.

साबुदाणा (बुधवार, रात्री १०:४४)

बनवणाऱ्याचं नाव: डीफॉल्ट स्ट्रिंग
उत्पादनाचं नाव: डीफॉल्ट स्ट्रिंग
आवृत्ती: टू बी फिल्ड बाय ओईएम

काय हे 😂 बोर्डाचं नाव तेवढं आहे, ते खरं वाटतंय, व्यनि (खाजगी निरोप) करते.

फणसपोळी (बुधवार, रात्री १०:५१)

बोर्डाचं नाव माझ्याशी जुळतंय! उत्पादनाचं नाव माझ्याकडे आहे, तुझ्या कंपनीला भरायचा कंटाळा आला असणार.

कर्नलकाका (बुधवार, रात्री ११:००)

मग बोर्ड बनवणारा आणि बोर्डाचं नाव या जोडीवर जुळव. 'डीफॉल्ट स्ट्रिंग'वर जुळवलंस तर अर्धा बाजार येईल.

चेकपॅच (कोडची ठेवण तपासणारी स्क्रिप्ट) चालव, गेट-मेंटेनरने कोणाला पाठवायचं ते पत्ते काढ, मेल साध्या टेक्स्टमध्ये, जीमेलच्या खिडकीतून चिकटवू नकोस, टॅबची वाट लागते. गिट सेंड-ईमेल वापर, आधी स्वतःलाच पाठवून बघ. उत्तर आलं की खाली, ज्या ओळीबद्दल आहे तिच्या खाली लिहायचं. आठवडाभर कोणी काही बोललं नाही तरी घाई नको, तिथे मर्ज विंडोचे (पुढच्या आवृत्तीत बदल घ्यायचा काळ) दोन आठवडे कोणी नव्या ड्रायव्हरकडे बघत नाही. आणि साबुदाणाताईंनी दोनदा तपासून दिलंय, त्यांचा टेस्टेड-बाय (पॅच कोणी तपासला ती ओळ) घालायला विसरू नकोस.

साबुदाणा (बुधवार, रात्री ११:०७)

अय्या, माझं नाव कर्नलमध्ये? साबुदाणा म्हणून चालेल का?

कर्नलकाका (बुधवार, रात्री ११:१५)

निनावी नको एवढंच. लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव आणि चालू असलेला ईमेल पत्ता. तो पत्ता जगाला कायमचा दिसणार हे लक्षात ठेवून द्या.

साबुदाणा (बुधवार, रात्री ११:१९)

मग खरंच नाव देते. आईला दाखवायचंय. फणसपोळी, व्यनि बघ.

फणसपोळी (शुक्रवार, सकाळी ७:४८)

पाठवला. स्वतःला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये विषयात 'बॅकलाइट' शब्द राहून गेला होता, वेळेत काढला.